विषय : टेबल बदलून मिळणेबाबत

अर्ज लिहून घ्यायला आलेला माणूस आधी काम सांगत नाही, आधी माणूस सांगतो. 'त्या टकल्याकडं देऊ नका माझा कागद.' 'ती चष्म्यावाली बाई सोडून कुणीबी चालंल.' 'मागचे साहेब बरे होते ताई, त्यांनाच परत बोलवता येत नाही का?' जालना जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयाच्या फाटकाशी बसून मी हे पंधरा-सोळा वर्षं ऐकलं. सुरुवातीला लिंबाखाली टेबल टाकून हाताने अर्ज लिहायचे. पुढे महा-ई-सेवा केंद्र घेतलं, संगणक आला, प्रिंटर आला. उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, पीकविमा असं सगळंच करायचे. पण निम्म्याहून जास्त गर्दी रेशन कार्डाची. सुनेचं नाव वाढवायचं, लग्न होऊन गेलेल्या लेकीचं कमी करायचं, भावाभावांच्या वाटण्या झाल्या म्हणून कार्ड वेगळं करायचं, पावसात भिजलं म्हणून दुबार काढायचं, कार्ड हातात आहे पण बारा अंकी नंबर पडलेला नाही म्हणून तो टाकून घ्यायचा. यातल्या कुठल्याही कामाच्या मागे ती एक मागणी असायचीच : दुसरं कुणीतरी द्या.

आपल्याकडे धान्याच्या लाभार्थ्याला नेमून दिलेला असा कर्मचारी कागदोपत्री नसतो. पुरवठा शाखा असते. तिच्यात नायब तहसीलदार, पुरवठा निरीक्षक, अव्वल कारकून, एखाद-दुसरा लिपिक, गोदामपाल आणि कंत्राटावरचा ऑपरेटर. कामाच्या सोयीसाठी गावं टेबलांमध्ये वाटलेली असतात. तुमचा जन्म किंवा तुमचं लग्न ज्या गावात झालं त्यावर तुमचं टेबल ठरतं, आणि त्या टेबलावर जो बसतो तोच तुमच्यासाठी सरकार. शेजारच्या टेबलावरचा माणूस मोकळा बसला असला तरी तो म्हणणार, 'तुमचं गाव माझ्याकडं नाही.'

या टेबलाच्या अलीकडे गावातच आणखी एक माणूस उभा असतो, कंट्रोलवाला, म्हणजे रेशनचा दुकानदार. धान्य आणि माणसाचं तोंड यांच्यामध्ये हे दोघं. माझ्या डोळ्यांदेखत यातला कंट्रोलवाला बदलता येऊ लागला. टेबलावरचा अजून येत नाही. जे काही शिकले ते या दोघांमधल्या फरकातून.

आधी दुकानाचं सांगते. पूर्वी कार्ड एका दुकानाला जोडलेलं म्हणजे जोडलेलं. दुकान बदलून हवं तर तहसीलला अर्ज, निरीक्षकाची चौकशी, गावात येऊन जबाब. चौकशी होईपर्यंत दुकानदाराला सगळं कळलेलं असायचं. खेड्यात हा दुकानदार नुसता धान्य वाटत नाही. त्याचंच किराणा दुकान, तिथेच उधारी, त्याचाच भाऊ सोसायटीत नाहीतर ग्रामपंचायतीत. त्याच्याविरुद्ध अर्ज करणाऱ्या बाईला पुढच्या आठवड्यात तेल-मीठ उधार मिळायचं बंद. त्यामुळे माझ्याकडे येऊन तावातावाने बोलून गेलेली कितीतरी माणसं लिहिलेला अर्ज तसाच ठेवून निघून जात. त्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ कधी रेटली नाही. मला संध्याकाळी तालुक्याच्या गावात माझ्या घरी जायचं होतं. त्यांना त्याच गल्लीत राहायचं होतं.

सगळे दुकानदार चोर, हेही खरं नाही. आमच्याच तालुक्यात एक जण अपंग माणसाच्या घरी स्वतः मोटारसायकलवर पोतं नेऊन टाकायचा. तेव्हा क्विंटलमागे १५० रुपये कमिशन, तेही महिनोन्महिने थकलेलं, आणि गोदामातून येणाऱ्या पोत्यात किलो-दोन किलोची तूट ठरलेली. ती तूट दुकानदार कुणाच्या मापातून भरून काढणार, हे वेगळं सांगायला नको.

मग अंगठा घेणारं पॉस मशीन आलं. २०१७-१८च्या सुमारास दुकानादुकानांत ते पोचलं आणि वर्षभर माझ्या केंद्रासमोर फक्त बोटांच्या तक्रारी होत्या. कापूस वेचणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, वीटभट्टीवर काम करणाऱ्या बायांच्या बोटांवर रेषाच राहत नाहीत. एक अंत्योदयचं कार्ड असलेली विधवा मावशी होती. अंत्योदयला माणसं कितीही असोत, घराला महिन्याला ३५ किलो मिळतात; एकट्या बाईला ते वर्षभराचं बळ. तिचा अंगठा उठायचा नाही आणि दुकानदार सांगायचा, 'पुढच्या महिन्यात बघू.' पुढच्या महिन्यात मागच्या महिन्याचं धान्य मिळत नाही, ते बुडतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच काळात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एक अकरा वर्षांची मुलगी मेल्याची बातमी आली होती. घरच्यांचं म्हणणं, आधार जोडलं नाही म्हणून कार्ड रद्द झालं आणि ती उपाशी मेली. तिथलं सरकार म्हणालं, मलेरिया. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं की आधार नाही किंवा बोट जुळत नाही एवढ्यावरून कुणाचं धान्य नाकारायचं नाही. त्या पत्राची प्रत मी काढून ठेवली होती आणि मावशीसारख्या बायांबरोबर दुकानदारांकडे पाठवायचे. काही जण ती वाचून माल द्यायचे. काही म्हणायचे, 'पत्र मशीनला दाखवा.'

मावशीचं काम पत्राने झालंच नाही. ते झालं दुसऱ्या दुकानाने. दुकान कुठलंही चालेल, ही सोय तोवर सुरू झाली होती. ९ ऑगस्ट २०१९ला महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात आणि तिकडे आंध्र आणि तेलंगणात एकमेकांची कार्डं चालू लागली, आणि जून २०२२ पर्यंत सगळा देश त्यात आला. गुजरातचं आमच्या मावशीला काय करायचं होतं? तिला फक्त ओढ्यापलीकडच्या गावात जायचं होतं. तिचा विश्वास बसत नव्हता. भाच्याला बरोबर घेऊन गेली. तिथल्या दुकानदाराने घाई न करता हात धुवायला लावले, पुसायला लावले आणि एकेक करत दहाही बोटं टेकवून बघितली. डाव्या हाताचं मधलं बोट जुळलं. पोतं घेऊन ती रिक्षाने परतली आणि गावभर झालं. पुढच्या महिन्यात गावातल्या दुकानदाराने पोराला पाठवून निरोप दिला, 'मावशी, माल आलाय, तिकडं कशाला हेलपाटा घालता?' कुठलाही अर्ज नाही, चौकशी नाही, वाईटपणा नाही. त्या दिवसापासून मी लोकांना दुकानदाराबद्दलचा अर्ज लिहून द्यायच्या आधी विचारू लागले, 'दुसऱ्या दुकानात जाऊन बघितलं का?'

या सोयीलाही मर्यादा आहेत. दुकानाला माल येतो तो जोडलेल्या कार्डांच्या हिशेबाने. बाहेरची दहा कार्डं आली की आपल्या गावातले शेवटचे दहा राहतील, अशी भीती दुकानदाराला असते आणि ती सगळी खोटी नसते. ऊसतोडीला गेलेल्यांना हे फार नडतं. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतली कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. नियमाप्रमाणे त्यांनी तिकडे आपल्या वाट्याचं उचलावं आणि गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी उरलेलं इकडे उचलावं, हे एकाच कार्डावर चालतं. ही गोष्ट मी टोळीच्या मुकादमांना सांगायचे. त्यातल्या एकाने परत आल्यावर हिशेब दिला : फडाजवळच्या पहिल्या दुकानात 'कोटा संपला', दुसऱ्या दुकानात मिळालं, पण त्या दुकानापर्यंत जायला एक दिवसाची मजुरी बुडाली. जालना शहरात मात्र मी याची उलटी बाजू बघितली. तिथल्या लोखंडाच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशची पोरं काम करतात. ती आपल्या गावचं कार्ड इथे चालवतात आणि त्यांच्या दृष्टीने जालन्याचा दुकानदार हाच तो भला 'दुसरा' असतो.

आता टेबलाकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

एक मुलगी आली होती. पंचविशीच्या आतली, दोन लेकी, नवऱ्याने टाकलेली, माहेरी आईच्या घराला लागून एका खोलीत राहणारी. तिचं आणि लेकींचं नाव सासरच्या कार्डात, तेही शेजारच्या जिल्ह्यात. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा आणि इकडे नवं कार्ड काढायचं. दाखला तिने कसाबसा, सासऱ्याचे पाय धरून आणला होता. इकडच्या टेबलावरचा माणूस रोज नवा प्रश्न काढायचा. फारकत झाली का? झाली नाही तर वेगळं कार्ड कशाला? नवरा कुठंय? दुसरी केली का त्याने? हे सगळं रांगेतल्या पंधरा पुरुषांसमोर, मोठ्या आवाजात. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या १३व्या कलमात घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यांत मोठी बाई हीच कार्डापुरती कुटुंबप्रमुख धरायची असं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या टेबलावर या कलमाचं काहीच चालत नव्हतं.

ती मला म्हणाली, 'ताई, काम नाही झालं तरी चालंल. पण मी त्या माणसापुढं परत उभी राहणार नाही. बाई द्या, नाहीतर दुसरं कुणीबी द्या.'

असा अर्ज लिहिणं हे नाजूक काम. माझ्या अनुभवात तक्रारीच्या भाषेतला अर्ज वर गेला की तो अभिप्रायासाठी खाली येतो, आणि खाली म्हणजे त्याच टेबलावर. मग तोच माणूस लिहितो, 'अर्जदाराने कागदपत्रांची पूर्तता केली नाही.' म्हणून मी त्याच्या वागण्याबद्दल एक ओळही लिहिली नाही. अर्ज कधी दिला, आवक क्रमांक काय, कोणते कागद जोडले, किती दिवस झाले एवढं मांडलं आणि शेवटी लिहिलं : 'सदर प्रकरण अन्य कर्मचाऱ्याकडे वर्ग करण्यात यावे किंवा आपल्या समक्ष निकाली काढण्यात यावे.' मुलीला ते वाचून दाखवलं तेव्हा तिला राग आला. 'तो काय बोलला ते लिहा की!' तिचं बरोबर होतं. मी तिला विचारलं, त्याला शिक्षा हवी की कार्ड हवं? दोन्ही हवं, ती म्हणाली. आम्ही दोन कागद करायचं ठरवलं, आधी कार्डाचा, मग दुसरा. दुसरा तिने पुढे दिलाच नाही, आणि मीही आग्रह धरला नाही.

त्या 'किंवा'ने काम केलं. नायब तहसीलदारांना आपल्या माणसाला दुखवून फाइल काढून घ्यायची नव्हती. सहकाऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, उद्या त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं असतं. पण 'माझ्यासमोर आणा' म्हणायला त्यांना काही अडचण नव्हती. फाइल त्यांच्या खोलीत गेली, मुलगी तिथे बसली, अव्वल कारकून बाईंनी दोन प्रश्न विचारले आणि कार्ड मंजूर झालं. तेव्हापासून माझ्या अशा प्रत्येक अर्जात ते 'किंवा' असायचं.

पुढचंही सांगायला हवं, नाहीतर ही गोष्ट फारच गोड होईल. कार्ड मिळालं, धान्य मिळालं नाही. कारण इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांचा ठरवून दिलेला आकडा, शिल्लक नव्हता. हा शब्द ज्याने तहसीलच्या खिडकीत ऐकला नाही असा गरीब माणूस आमच्या भागात सापडणार नाही. कायद्याने देशात ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरी भागातल्या ५० टक्के लोकांना धान्य द्यायचं ठरलं. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण ७६.३२ आणि शहरी ४५.३४ टक्के आले, म्हणजे सुमारे सात कोटी माणसं. महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून हे सुरू झालं. माणसांची मोजणी धरली ती २०११च्या जनगणनेची. त्यानंतर जन्मलेल्यांना, लग्न होऊन आलेल्यांना, टाकलेल्यांना जागा हवी तर कुणीतरी कमी व्हावं लागतं. वर ग्रामीण भागात वार्षिक ४४ हजार आणि शहरात ५९ हजारांची उत्पन्नमर्यादा. चार मजूर असलेल्या घराचं उत्पन्न ४४ हजारांच्या आत दाखवायला तलाठ्यापासून सगळ्यांनाच डोळे मिटावे लागतात. ते मिटतात, हे उघड आहे.

इष्टांकापुढे माणूस बदलून काही होत नाही, ही मला त्या प्रकरणाने घातलेली वेसण. तोवर मीही प्रत्येक नकारामागे नकार देणारा शोधत असे. मग सवय लावून घेतली : नकार माणसाचा आहे की नियमाचा, ते आधी बघायचं. ओळखायची सोपी रीत आहे, नकार लेखी मागायचा. नियमाचा नकार टेबलावरचा माणूस सहज लिहून देतो, 'इष्टांक शिल्लक नसल्याने' असा शिक्काच केलेला असतो. स्वतःचा नकार कुणी लिहून देत नाही. 'लेखी द्या' म्हटल्यावर ज्याचं तोंड उतरलं, त्याच्याकडची फाइल हलवण्यात अर्थ आहे. बाकी ठिकाणी शक्ती वाया.

मुलीच्या गावात आम्ही नियमाच्याच वाटेने गेलो. मेलेल्या माणसांची आणि नांदायला गेलेल्या लेकींची नावं कार्डांतून कमी झालेली नव्हती. ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदी काढल्या, ग्रामसभेत यादी वाचायला लावली. गावात थोडी धुसफूस झाली, कारण मेलेल्या आजोबांचे पाच किलो सोडायला कुणाला आवडतं? पण जागा निघाल्या आणि काही महिन्यांनी तिघींची नावं प्राधान्य कुटुंबात गेली. माणशी पाच किलो. तेव्हा गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून तेही पैसे लागत नाहीत.

माणूस बदलून मागण्याची हौस कधी अंगावर येते, तेही मी पाहिलं. एका गावातली मंडळी पुढाऱ्याला धरून वर गेली आणि त्या मुलीला अडवणाऱ्या लिपिकालाच टेबलावरून हलवून आली. सत्काराच्या थाटात परतली. नवा आला तो निवडणूक शाखेतून. त्याला पुरवठ्याचं काही ठाऊक नव्हतं, त्याच्या नावाचं लॉगिन निघायला वेळ गेला, आधीच्याने कुठली फाइल कुठे ठेवली ते सापडेना. नवा माणूस स्वभावाने गोड होता, सगळ्यांना खुर्ची द्यायचा, आणि काम एकाचंही होत नव्हतं. 'मागचा परवडला,' असं ज्यांनी त्याला हलवलं तेच म्हणू लागले.

हलवला गेलेला लिपिक मला पुढे एकदा बसस्थानकावर भेटला. चिडलेला नव्हता, उलट मोकळा झाल्यासारखा वाटला. म्हणाला, 'मॅडम, नाही म्हटलं की लोकांना मी वाईट. हो म्हटलं की ऑडिटला मी.' त्याच्या टेबलावर काय काय होतं, ते मी फाटकातून बघितलेलं होतं. तालुक्याची निम्मी गावं, मध्येच अतिवृष्टीच्या याद्या, निवडणुका आल्या की ते काम. त्यात २०२३ साल उजाडलं. जालना हा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांपैकी एक. इथल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्तात माणशी पाच किलो धान्य मिळत होतं. ते बंद झालं आणि त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात टाकायचं ठरलं. २०२४ मध्ये त्याचे १७० झाले. म्हणजे प्रत्येक कार्डामागे बँकेचं पासबुक, तेही घरातल्या बाईचं, आधार जोडलेलं. निम्म्या बायांची जनधनची खाती व्यवहार नाही म्हणून बंद पडलेली. गहू मागायला आलेल्या शेतकऱ्याला बँकेत पाठवायचं काम या माणसाच्या गळ्यात पडलं आणि शिव्या त्यानेच खाल्ल्या. १५० रुपयांत बाजारात पाच किलो गहू कसाबसा येतो, हा हिशेब काही त्याने केलेला नव्हता. त्या मुलीशी तो ज्या आवाजात बोलला होता त्याला मात्र यातलं काहीही उत्तर होत नाही, आणि हे मी त्याला बसस्थानकावर सांगितलं. तो काही बोलला नाही. बस आली, गेला.

कायदे आपल्याकडे कमी नाहीत. लोक ज्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात तो २००५चा. त्यात कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं आहे. त्याच कायद्यात बदल्यांचे नियम आहेत, साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ, एप्रिल-मेमध्ये बदल्या. २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदतीत काम झालं नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. अन्न सुरक्षा कायद्याच्या १५व्या कलमाने जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी दिला, १६व्याने राज्याला अन्न आयोग. त्या अधिकाऱ्याने सांगितलेला दिलासा विनाकारण दिला नाही तर ३३व्या कलमाखाली ५००० रुपयांपर्यंत दंड आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन असतो. १९६७ आणि १८००-२२-४९५० हे फोन आहेत. यातली प्रत्येक वाट मी कुणाच्या ना कुणाच्या कागदासाठी चालून पाहिली आहे. लोकशाही दिनाचं टोकन सगळ्यांत उपयोगी पडलं, कारण त्याचं उत्तर तहसीलदारांना स्वतःच्या सहीने द्यावं लागतं. फोनच्या तक्रारी बहुतेक वेळा फिरून त्याच खिडकीत आल्या.

एवढ्या कायद्यांत 'माझं प्रकरण दुसऱ्याकडे द्या' असं म्हणायचा हक्क लाभार्थ्याला देणारी ओळ मला मिळाली नाही. अमेरिकेतली धान्यमदत, जिला आधी फूड स्टॅम्प म्हणत आणि २००८ पासून 'स्नॅप' म्हणतात, तिच्यात एक गोष्ट मला आवडली. मदत नाकारली किंवा कमी केली तर ९० दिवसांत सुनावणी मागता येते, तोंडी मागितली तरी चालते, आणि सुनावणी घेणारा माणूस आधीच्या निर्णयात नसलेलाच असावा लागतो. तिथेही नेमून दिलेल्या माणसाशी खटके उडतात आणि लोक दुसरा मागतात. पण ज्याने नाही म्हटलं त्यानेच फिरून आपला न्याय करायचा नाही, एवढं तिथल्या नियमात बसलेलं आहे. आपलं पहिलं अपील त्याच कचेरीतल्या वरच्या खुर्चीकडे जातं, आणि वरची खुर्ची खालच्या टेबलाकडून अभिप्राय मागवते.

आता तर टेबलच दिसेनासं झालं. ई-शिधापत्रिका आली, अर्ज घरून करता येतो, असं सांगतात. माझं केंद्र सध्या भाची चालवते. तिच्या पडद्यावर अर्ज 'प्रलंबित' म्हणून दिसतो आणि आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. तो कुणाच्या तरी लॉगिनला अडकलेला असतोच, पण कुणाच्या, ते कळत नाही. दुसरा माणूस मागायला आधी पहिला माहीत असावा लागतो. सरकारने एवढं एक करावं : ठरलेली मुदत उलटली की अर्ज आपोआप दुसऱ्या लॉगिनला जावा, अर्जदाराने विनंती न करता. दुकानाच्या बाबतीत हे जमलं, तिथे कुणाला कारण सांगावं लागत नाही. कचेरीच्या बाबतीत न जमण्यासारखं त्यात काही नाही.

तोवर ज्यांना गरज आहे त्यांनी अर्ज दोन प्रतींत करावा. विषयात 'प्रकरण अन्य कर्मचाऱ्याकडे वर्ग करणेबाबत' असं लिहावं, आधीच्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक घालावा, आणि 'किंवा आपल्या समक्ष निकाली काढावे' हे विसरू नये. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. शिक्का देत नसतील तर वाद न घालता तोच अर्ज तहसीलदारांच्या पदनावाने स्पीड पोस्टाने पाठवावा, आणि पोस्टाची पावती रेशन कार्डाच्या पिशवीत जपून ठेवावी.